काचेवरचा पाऊस आणि बाहेरचा



स्मृतिव्याख्यान म्हटलं की साहित्य, शिक्षण, समाजकारण असे विषय ठरलेले असतात. मी मात्र चंद्रपूरला रडार घेऊन आलो आहे. संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हणालो, "जमिनीवरच्या रडारचं पावसाचं चित्र कॉकपिटमध्ये कसं वाचायचं." पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग हळूच विचारणा झाली, "आपल्याकडच्या लोकांना याचा काय उपयोग?" आजचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

आयुष्यभर मी विमानतळांवरच्या हवामान कार्यालयांत वैमानिकांना ब्रीफिंग देण्याचं काम केलं. विमान उडवलं नाही, पण उडवणाऱ्यांच्या हातात कागद दिले. त्यामुळे माझी बाजू जमिनीवरची आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता उपयोगाचं. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. पश्चिमेला वैनगंगा आणि पुढे प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि तालुका जगापासून तुटतो, ही बातमी दर पावसाळ्यात आपण वाचतो. अशा वेळी अडलेल्या बाळंतिणीला किंवा जखमी जवानाला बाहेर काढायला हेलिकॉप्टरशिवाय वाहन उरत नाही. निवडणुकीत मतदान पथकंसुद्धा आत हेलिकॉप्टरनेच जातात. आणि हेलिकॉप्टर हे मोठ्या विमानासारखं ढगांच्या वर जाऊन निवांत बसणारं यंत्र नव्हे. ते ढगांच्या खालून, जमीन बघत, झाडांच्या माथ्यावरून तीन-चारशे मीटर उंचीवर जातं. म्हणजे पावसाचा प्रश्न त्याच्या अगदी नाकासमोर असतो.

१७ जुलै २०२४ चा दिवस इथल्या अनेकांना आठवत असेल. आषाढी एकादशी होती. अहेरीजवळ वडलापेठला पोलाद प्रकल्पाच्या कार्यक्रमासाठी त्या वेळचे दोन्ही उपमुख्यमंत्री, देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार, आणि उद्योगमंत्री उदय सामंत नागपूरहून हेलिकॉप्टरने निघाले. वाटेत हेलिकॉप्टर ढगात शिरलं, खालची जमीन दिसेनाशी झाली, काही काळ वाटच सापडेना. पुढे ते सुखरूप उतरलं. अजित पवारांनी व्यासपीठावरूनच तो प्रसंग सांगितला, आपण पांडुरंगाचा धावा करत होतो हेही सांगितलं आणि मंडपात हशा पिकला. वर्तमानपत्रांनी तो हशा छापला. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न पडला आहे. त्या कॉकपिटमध्ये नागपूरच्या रडारचं ताजं चित्र समोर असतं, तर ते काय सांगू शकलं असतं?

माझं उत्तर आहे, फार थोडं. ते का, हे समजून घ्यायचं तर रडार बघतं काय आणि कुठे, हे बघावं लागेल.

नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. भारतातलं पहिलं डॉप्लर हवामान रडार २००२ साली चेन्नईला बसलं. आज देशात अशी चाळीसहून जास्त आहेत, आणि २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'मिशन मौसम'खाली आणखी येऊ घातली आहेत. नागपूरचं रडार एस बँडचं, म्हणजे त्याच्या लहरींची लांबी साधारण १० सेंटिमीटर. रडारची तबकडी लहरींचा झटका सोडते, वाटेतल्या थेंबांवरून त्याचा अत्यल्प भाग परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. परतीचा हा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट झाला की प्रतिध्वनी चौसष्टपट. पावसाचा बरा थेंब दोन मिलिमीटरचा धरा. ढगातला सूक्ष्म थेंब त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा असतो. शंभराचा सहावा घात म्हणजे एक लाख कोटी. इतक्या पटीने तो सूक्ष्म थेंब रडारला फिका. ढगात असे थेंब संख्येने पुष्कळ असतात हे खरं, पण ती संख्यासुद्धा ही तूट भरून काढत नाही.

म्हणून हवामान रडारच्या चित्रात पाऊस दिसतो, ढग दिसत नाही. एकादशीच्या त्या हेलिकॉप्टरला अडवलं ते ढगाने. डोंगराच्या खांद्यावर उतरून बसलेला, झिमझिम पाडणारा किंवा काहीच न पाडणारा आषाढातला राखाडी ढग रडारच्या लेखी जवळजवळ नसतोच. वैमानिक पडद्याकडे बघतो, पडदा कोरा. खिडकीबाहेर बघतो, बाहेरही कोरं. दोन्ही कोरेपणांचा अर्थ एकदम उलटा.

दुसरी अडचण उंचीची. रात्री बांधीच्या धुऱ्यावरून तुम्ही बॅटरीचा झोत जरासा वर धरून टाकलात, तर जवळच्या धानावरून तो निघतो आणि लांबच्या झाडाच्या शेंड्यावर जातो. रडारचंही तसंच. सर्वांत खालचा झोत साधारण अर्धा अंश वर धरलेला असतो, आणि त्यात पृथ्वीच्या गोलाईची भर पडते. नागपूरपासून सरळ रेषेत चंद्रपूर सुमारे १३५ किलोमीटर. इथे पोचेपर्यंत त्या झोताची मध्यरेषा सव्वादोन किलोमीटर उंच गेलेली असते. गडचिरोली शहरावर ती जवळपास अडीच किलोमीटरवर. अहेरी २१५ किलोमीटर, तिथे साडेचारच्या वर. भामरागड जवळपास २५० किलोमीटर, तिथे पावणेसहा किलोमीटर. शिवाय झोत जाताना पसरतो. एक अंश रुंदीचा झोत भामरागडवर चार किलोमीटरहून जाड झालेला असतो, म्हणजे साधारण साडेतीन ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात जे काही आहे त्याची एकत्रित सरासरी तो आणतो. आपलं हेलिकॉप्टर त्या पट्ट्याच्या तळाच्याही तीन किलोमीटर खाली उडतंय.

इथे एक गंमत आहे, किंवा गंमत म्हणू नये. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. तिच्यावर बर्फाचे कण, आणि तिथून खाली येताना ते वितळू लागतात. वितळणाऱ्या कणावर पाण्याचं पातळ आवरण चढतं आणि रडारला तो भलामोठा थेंब वाटतो. त्यामुळे त्या थरात प्रतिध्वनी एकाएकी वाढतो. भामरागडवरचा झोत नेमका या थरातून जातो. परिणाम असा की संथ, बिनधोक, दिवसभराची रिपरिप चित्रात गडद दिसू शकते. उलट बुटक्या ढगांतून, डोंगराला टेकून पडणारा जोरदार पाऊस झोताच्या खालीच राहून जातो आणि चित्रात दिसतच नाही. एकाच चित्रात, एकाच तालुक्यावर, दोन्ही दिशांनी फसवणूक.

सिरोंचाबद्दल तर बोलायलाच नको. नागपूरपासून ते सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर भरतं. वैमानिक जे चित्र सर्वांत जास्त बघतात, ते अडीचशे किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं असतं. भामरागड वर्तुळाच्या काठावर, सिरोंचा वर्तुळाच्या बाहेर. तिथे चित्रात काही नाही याचा अर्थ तिथे कुणी बघितलेलंच नाही.

आता ते चित्रच जवळून बघू. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर 'मॅक्स झेड' नावाचं चित्र असतं, आपल्यापैकी पुष्कळ जण मोबाइलवर बघतात. मधे चौकोनात नकाशा, त्यावर रंगांचे डाग. वरच्या बाजूला एक आडवी पट्टी आणि उजवीकडे एक उभी पट्टी असते. बहुतेकांची नजर डागांवरून पट्ट्यांकडे जातच नाही. मधल्या नकाशात प्रत्येक ठिकाणी जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या उंचींमधला सर्वांत मोठा आकडा घेतलेला असतो. म्हणजे लाल डाग दिसला तर त्या जागी कुठल्या तरी उंचीवर जोरदार प्रतिध्वनी आहे, एवढंच ठरतं. तो एक किलोमीटरवर आहे की नऊ, हे नकाशा सांगत नाही. ते बाजूच्या पट्ट्या सांगतात. त्या म्हणजे तेच वादळ दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून आडवं बघितल्यासारखं. पट्टीत लाल रंग उंच खांबासारखा चढलेला असेल तर तो गडगडाटी ढग, वैमानिकांच्या भाषेत 'सीबी'. लाल रंग पाच किलोमीटरच्या आसपास पातळ थरासारखा पसरलेला असेल तर तो बहुधा मघाशी सांगितलेला वितळणारा थर. नकाशात दोघंही सारखेच लाल. माझ्या टेबलाशी येणारा तरुण वैमानिक "सर, रेड आहे" म्हणाला की मी त्याचं बोट नकाशावरून उचलून पट्टीवर ठेवायचो. तिथे रंग किती वर जातो ते बघ, मग बोल.

रंगांचंही एकसारखं काही नाही. प्रतिध्वनी मोजायचं माप डीबीझेड. वीस-पंचवीस म्हणजे हलका पाऊस, चाळीस म्हणजे जोराचा, पन्नासच्या पुढे मुसळधार किंवा गारा. पण कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा, हे चित्र बनवणारा ठरवतो. विमानाच्या नाकातल्या रडारवरचा पिवळा, खात्याच्या चित्रातला पिवळा आणि एखाद्या परदेशी ॲपमधला पिवळा, या तिघांचं नातं फक्त नावापुरतं. शेजारची रंगपट्टी न वाचता रंगावर विश्वास ठेवू नये.

आता वेळेकडे येतो. माझ्या मते सगळ्यात घातक भाग हा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

रडार क्षणात फोटो काढत नाही. तबकडी एका कोनात पूर्ण फेरी मारते, मग जराशी वर कलते, पुन्हा फेरी, असे अनेक कोन झाले की एक संच पुरा होतो. आपल्याकडे असा संच साधारण दहा मिनिटांनी येतो. सहसा सुरुवात सर्वांत खालच्या कोनापासून होते, म्हणजे चित्र पुरं होईस्तोवर त्यातला जमिनीजवळचा भाग सर्वांत शिळा झालेला असतो. मग संगणकाचं काम, मग ते संकेतस्थळावर चढणं, मग वैमानिकाने ते उघडणं. समजण्यासाठी एक हिशोब मांडू. अकराला फेरी सुरू झाली. सव्वाअकराला वैमानिकाने नागपुरात चित्र बघितलं. साडेअकराला तो उडाला. ताशी २२० किलोमीटरने भामरागडला पोचायला तासापेक्षा थोडा जास्त वेळ. तो पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यातलं चित्र दीड तासाहून जुनं झालेलं असतं. वळवाच्या एकट्या गडगडाटी ढगाचं सगळं आयुष्य, जन्म ते विरणं, बहुधा एका तासात आटोपतं. म्हणजे चित्रातला एकही ढग आता तिथे नाही, आणि तिथे जे उभे आहेत त्यातला एकही चित्रात नव्हता. वाढत्या ढगातली हवा सेकंदाला दहा मीटरने वर चढते, हा काही फार मोठा आकडा नाही, तरी दहा मिनिटांत माथा सहा किलोमीटर चढला. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीनला निरभ्र असलेलं आभाळ पावणेचारला पत्रे उडवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अमेरिकेत हे चित्र थेट कॉकपिटमध्ये पोचतं. तिथे नव्वदच्या दशकात एस बँडच्या सुमारे १६० डॉप्लर रडारांचं जाळं उभं राहिलं. सगळ्यांची चित्रं सांधून एक मोठा नकाशा होतो आणि तो उपग्रहावरून किंवा जमिनीवरच्या केंद्रांवरून छोट्या विमानांतही उतरतो. आपल्याकडच्या शिकाऊ विमानांत 'गार्मिन जी १०००' सारखे काचेचे पडदे आले आहेत, पण या नकाशाची प्रसारण सेवा आपल्याकडे नाही. त्यामुळे आपला वैमानिक उडण्यापूर्वी खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंगवर चित्र बघतो आणि बरेचदा टॅबलेटवर सोबत घेऊन उडतो.

त्या अमेरिकी पडद्यावर चित्राचं वय लिहिलेलं असतं, 'एक मिनिट', 'चार मिनिटं' असं. २५ मार्च २०१० ला टेनेसी राज्यात ब्राउन्सव्हिलजवळ रुग्णवाहक हेलिकॉप्टर पहाटेच्या अंधारात तळाकडे परतत होतं. रुग्णाला इस्पितळात पोचवून झालं होतं, आत वैमानिक आणि दोन परिचारक. वादळ येण्याआधी पोचू असा हिशोब होता. पडद्यावरचं चित्र एक मिनिटाचं असल्याचं लिहिलं होतं आणि वादळ तळापासून काही मैल दूर दिसत होतं. प्रत्यक्षात चित्रातली परिस्थिती सुमारे पाच मिनिटं जुनी होती आणि वादळ तळावर पोचत होतं. तिघंही गेले. पुढच्या वर्षी १९ डिसेंबरला टेक्ससमध्ये ब्रायनजवळ छोटं विमान पडलं, पाच जण गेले, तिथेही चित्राचं वय असंच कमी दिसत होतं. २०१२ मध्ये तिथल्या अपघात तपास मंडळाने सगळ्या वैमानिकांना इशारा काढला. पडद्यावरचं वय हे सांधलेला नकाशा तयार झाल्यापासूनचं असतं, रडारने पाऊस बघितल्यापासूनचं नव्हे, आणि क्वचित प्रसंगी या दोहोंत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर पडू शकतं, असं त्यात बजावलं होतं.

यातली खरी खोच मला वेगळ्या ठिकाणी दिसते. त्या पडद्यावर विमानाचं छोटं चिन्हही असतं आणि ते जीपीएसवर चालतं. ते आत्ताचं असतं, अगदी या सेकंदाचं. त्याच्याखालचा पाऊस मघाचा. दोन वेगळ्या वेळा एका काचेवर एकमेकींवर ठेवलेल्या. चिन्ह सरकताना दिसतं म्हणून डोळा सगळंच जिवंत धरतो. लाल डागापासून चिन्ह बोटभर दूर आहे, म्हणजे मी वादळापासून दूर आहे, असं वाटतं. तो वाटण्याचा भाग कुठल्याही इशाऱ्याने पुसला जात नाही, कारण काच इतकी नेमकी, इतकी स्वच्छ असते. जुन्या काळी आम्ही तारेने आलेले आकडे पेन्सिलीने नकाशावर टिपायचो. त्या नकाशाकडे बघून कुणालाही तो आत्ताचा आहे असा भास व्हायचा नाही. त्याचं बोजड असणं हेच त्याचं वय सांगायचं.

आपल्या जंगलात यात आणखी एक भर पडते. एटापल्लीच्या पुढे मोबाइलचं नेटवर्क जातं. टॅबलेटवरचं चित्र शेवटचं जे उतरलं ते तसंच राहतं, जीपीएसचं चिन्ह मात्र त्यावर मजेत चालत राहतं. चित्र गोठलंय हे सांगणारी एकच गोष्ट, कोपऱ्यातली वेळ. आणि विमानशास्त्रातली वेळ जागतिक घड्याळाची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दगदगीत असलेल्या माणसाने उड्डाणाच्या मध्यात हे गणित करावं अशी अपेक्षा आहे.

मग जमिनीवरच्या रडारचं चित्र कॉकपिटमध्ये नसलेलं बरं, असं कुणी म्हणेल. त्याला १९७७ ची गोष्ट सांगतो. ४ एप्रिलला सदर्न एअरवेज कंपनीचं डीसी-९ अमेरिकेत जॉर्जियावरून जात होतं. विमानाच्या नाकात स्वतःचं रडार होतं. विमानातलं रडार एक्स बँडचं असतं, लहर फक्त तीन सेंटिमीटर, कारण नाकात मोठी तबकडी मावत नाही. ही छोटी लहर जोरदार पावसात शोषली जाते. समोर पावसाची भिंत असली की भिंतीमागे काय आहे ते दिसत नाही, आणि न दिसणारा भाग पडद्यावर काळा, म्हणजे मोकळा दिसतो. चालक दलाला तिथे वाट असल्यासारखं वाटलं. ती वादळाची सर्वांत जाड जागा होती. गारा आणि पाण्याने दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान न्यू होप गावच्या रस्त्यावर उतरलं, जमिनीवरच्या माणसांसकट ७२ जण गेले. त्या दिवशी वादळाची ताजी माहिती जमिनीवर होती, विमानापर्यंत पोचली नव्हती. दहा सेंटिमीटरची लहर पावसात फारशी शोषली जात नाही, म्हणून जमिनीवरचं रडार भिंतीमागचंही बघतं. एकाला लांबचं आणि मागचं दिसतं, पण उशिरा आणि उंचावरून. दुसऱ्याला समोरचं या क्षणी दिसतं, पण भिंतीपर्यंतच. वैमानिकाने पहिल्याच्या आधारे जायचं की नाही, कुठून वळसा घालायचा हे ठरवावं आणि दुसऱ्याच्या व डोळ्यांच्या आधारे पुढचे दहा किलोमीटर जावं. पहिल्याच्या आधारे दोन लाल डागांमधल्या फटीतून नेम धरून जाणं, हा उद्योग मात्र कधीच करू नये.

आणि चित्र ताजं असूनही काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. २ सप्टेंबर २००९. आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी हैदराबादहून चित्तूरकडे बेल ४३० हेलिकॉप्टरने निघाले. नल्लमलाच्या जंगलात हेलिकॉप्टर पडलं, पाचही जण गेले, आणि अवशेष सापडायला दुसरा दिवस उजाडला. तिथलं जंगल आणि गडचिरोलीचं जंगल यांत वरून बघणाऱ्याला फारसा फरक दिसणार नाही. हेलिकॉप्टरवर स्वतःचं रंगीत हवामान रडार होतं, त्यावर लाल पट्टे दिसत होते. चौकशीत असंही दिसलं की शेवटच्या काही मिनिटांत चालक दलाचं लक्ष दुसऱ्याच एका बिघाडाच्या इशाऱ्यात आणि त्यासाठी पुस्तिका चाळण्यात गुंतलं होतं. पुढे ढगातून खाली येणाऱ्या हवेच्या जबर झोताने हेलिकॉप्टर ओढलं गेलं. पडदा आपलं काम करत होता. त्याच्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं.

आता आपल्या भागात अनुभवी वैमानिक काय करतात ते सांगतो, कारण मला त्याचा आदर आहे. ते चित्र बघतात, पट्ट्या बघतात, वेळ बघतात, आणि मग फोन लावतात. उतरायच्या जागेच्या पोलीस मदत केंद्राला, नाहीतर तहसील कार्यालयाला. विचारायचं काय, हेही ठरलेलं. "पाऊस आहे का?" असं विचारत नाहीत. त्याला उत्तर येतं, "थोडा थोडा आहे साहेब." त्यातून काही कळत नाही. ते विचारतात, "समोरचा डोंगर दिसतोय का? पूर्ण दिसतोय की अर्धा? मघाशी दिसत होता का?" डोंगर किती किलोमीटरवर आहे हे वैमानिकाला ठाऊक असतं. डोंगर अर्धा दिसतो म्हणजे ढगाचा तळ किती उंचीवर, हे त्याला लगेच समजतं. मघाशी दिसत होता आणि आता नाही, म्हणजे परत फिरायचं. हेलिपॅडच्या कडेला छत्री घेऊन उभा असलेला शिपाई ती माहिती देतो जी नागपूरच्या रडारला त्या अंतरावर मिळवता येत नाही: जमिनीलगतची, ढगाची आणि आत्ताची. माझ्या मते दर केंद्रावरच्या दोन-दोन माणसांना हे कसं बघायचं आणि कसं सांगायचं याचं एका दिवसाचं शिक्षण द्यायला हवं. खर्च नगण्य आहे, पण ज्याचं उद्घाटन करता येत नाही ते काम आपल्याकडे मागे पडतं.

यंत्राने करण्यासारखंही काम आहेच. अहेरी-आलापल्लीच्या परिसरात लहान एक्स बँड रडार बसवलं तर भामरागड आणि सिरोंचा दोन्ही साठ-पासष्ट किलोमीटरच्या टप्प्यात येतात. तेवढ्या अंतरावर अर्ध्या अंशाच्या झोताची मध्यरेषा जमिनीपासून पाऊण किलोमीटरच्या जवळपास असेल. पावणेसहाच्या जागी पाऊण. त्या उंचीवरचा पाऊस हाच हेलिकॉप्टरला भेटणारा पाऊस आणि हाच धानाच्या बांधीत, पर्लकोटेत पडणारा पाऊस, त्यामुळे पुराचा अंदाज करणाऱ्यांनाही ते हवंच असणार. तीन सेंटिमीटरची लहर मुसळधार पावसात शोषली जाणार, हा तोटा राहतो. तो नागपूरच्या मोठ्या रडारशी सांगड घालून भरून काढता येतो. ढगाचा तळ मात्र यालाही दिसणार नाही. त्यासाठी ढगाच्या तळाची उंची मोजणारी लेझरची उपकरणं वेगळी असतात आणि ती रडारच्या मानाने फारच स्वस्त पडतात. चार-पाच हेलिपॅडांवर ती बसवावीत. रडारचा मनोरा कुठे उभा करायचा हा प्रश्न नाजूक आहे. आलापल्लीच्या ईशान्येला सुरजागडची डोंगररांग आहे, ती झोत अडवेल आणि तिच्या पलीकडच्या गावांवर सावली पडेल. मनोरा उंच केला तर सावली कमी, पण जवळचं खालचं कमी दिसणार. मोजणी न करता नकाशावर बोट ठेवून जागा ठरवण्याचं हे काम नव्हे. प्रत्येक कोनातला अडथळा मोजून, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात, दोनदा बघावा लागेल. वनखात्याची परवानगी त्यानंतरची गोष्ट.

वेळ संपत आली आहे आणि पुढच्या रांगेत बऱ्याच जणांनी मोबाइलवर नागपूरचं चित्र उघडलेलं मला दिसतंय. कोपऱ्यातली वेळ बघा, साडेपाच तास मिळवा आणि प्रश्न असतील तर विचारा.